गयाबाईची आण

मला दुपारी झोप लागत नाही, नुसती गुंगी येते. अहमदपूरच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले की समोरचा रस्ता, कडुनिंब, शाळेतून परतणारी पोरं असं सगळं हळूहळू विरत जातं आणि त्याच्या जागी धूर येतो. वीटभट्टीचा धूर. तो चुलीच्या धुरासारखा डोळ्यांत घुसत नाही, ओल्या मातीचा वास घेऊन जमिनीलगत सावकाश सरकत राहतो. त्यातून माणसं चालत येतात. काहींची नावं आठवतात, काहींचे नुसते पाय. सून आतून म्हणते, "अक्का, डुलक्या घेऊन राहिल्यात." मी म्हणते, "डुलक्या नाहीत गं, ड्युटी करून राहिले."

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणाले, म्हणून लिहिते आहे. कोणत्या साली काय केलं हे मला सांगता येणार नाही, आणि वाचणाऱ्याला त्याचं काय करायचं आहे. मी उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. हळद-धन्याच्या वासात वाढले, लग्न होऊन अहमदपूरला आले आणि माणसं सोडवून आणायच्या कामाला लागले. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत हे काम म्हणजे नेमकं काय ते समजलं नाही. "पगार देतेत ना?" एवढंच ते विचारत, आणि मी विषय बदलत असे.

काम समजावून सांगायला सोपं आहे. मुकादम गावात येतो. कोणाच्या घरी आजारपण असतं, कोणाच्या घरी लग्न. तो आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात, आणि त्या उचलीवर अख्खं घर उचलून भट्टीवर नेतो. दसऱ्याच्या आगेमागे भट्टी लागते, पावसाच्या तोंडावर थंडावते, तेव्हा माणसानं घरी यायचं असतं. काहींना येऊ देत नाहीत. उचल फिटतच नाही. फोन काढून घेतलेला असतो. नवरा बाजाराला गेला तर बायको मागं ठेवायची, बायको गेली तर नवरा. याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात आणि कायद्यानं ती केव्हाच बंद झालेली आहे. ही बंद झालेली गोष्ट जिथं चालू आहे तिथून शोधून काढायची, हा आमचा धंदा.

आमची संस्था म्हणजे महादेवाच्या देवळामागच्या दोन खोल्या. त्यात मी, शाळेतून निवृत्त झालेले जोशी सर आणि टेम्पोवाले गफूरभाई. सर सकाळी संध्या आटोपून येत, गफूरभाई नमाजाच्या वेळी टेम्पो सावलीला लावत, आणि मी लिंगायत, माझ्या गळ्यात लिंग. देवाधर्मावरून आमचं कधी वाजलं नाही, वाजलं ते चहात आलं घालावं की नाही यावरून. सरांचा अर्ज असा असे की वाचणाऱ्या साहेबाला आधी व्याकरणाची भीती वाटावी आणि मग कायद्याची. गफूरभाईंचं काम भट्टीवर जाऊन विटांचा भाव विचारणं. भाव विचारता विचारता ते माणसं बघून येत. नांदेड-लातूर भागात विटांचा भाव त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नसेल, त्यांचं स्वतःचं घर मात्र पत्र्याचं राहिलं.

आणि खबर कुठून मिळते, असं सगळेच विचारतात. माहूरच्या गडावरून. देवीच्या यात्रेत पायऱ्यांच्या एका वळणावर आम्ही पाणपोई लावायचो. पुण्य होतंच, पण आमचा मतलबही होता. नवस बोलायला आलेली बाई गाभाऱ्यात पोचेपर्यंत गप्प राहत नाही. ती चढताना बोलते, दम खाताना बोलते, पाणी पिताना शेजारणीला सांगते. गुडघा बरा होऊ दे, पोराला नोकरी लागू दे, हे नवस आम्ही देवीवर सोडून द्यायचो. पण 'माझं लेकरू घरी येऊ दे' असं कानावर पडलं की मी तांब्या भरता भरता विचारायची, "कुठं गेलंय, मावशी?"

धुरपताबाई मला तिथंच भेटली. सकाळचं धुकं अजून गडावरून उतरलं नव्हतं आणि ती त्या धुक्यातून अनवाणी वर येत होती, एकेका पायरीला हात टेकवून. मी पाणी दिलं आणि पायात काही का नाही म्हणून विचारलं.

"लेक घरी येईस्तोर घालायची न्हाई. देवीला बोलले म्या."

"लेक कुठं असते?"

"नांदेडच्या पलीकडं, गंगेच्या काठाला. भट्टीवर. मुकादम म्हणतो खुशाल हाय. खुशाल असती तर फोन आला असता का न्हाई, अक्का? नात झालीय म्हणं तिला. साळंला जायाजोगी झालीय. म्या आजून तोंड बघितलं न्हाई."

तिच्या लेकीचं नाव गयाबाई, जावयाचं किसन. पोटात पोर असताना ती भट्टीवर गेली होती आणि तेव्हापासून परत आलीच नव्हती.

गफूरभाई भाव विचारून आले. होय म्हणाले, ती तिघं आहेत, आणखी दोन घरंही आहेत, आणि फाटकाला कुलूप असतं. सरांनी अर्ज लिहिला, आम्ही तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आणि थंडीतल्या एका सकाळी नायब तहसीलदार, दोन पोलीस आणि आम्ही असे भट्टीवर पोचलो.

ती सकाळ मला अजून पाण्याखाली घडल्यासारखी दिसते. गोदावरीवर, धुरपताबाईच्या गंगेवर, धुकं होतं, भट्टीचा धूर त्यात मिसळला होता, आणि नदी कुठं संपते, चिखल कुठं सुरू होतो, काही कळत नव्हतं. जबाब झाले. साहेबांनी सुटकेची प्रमाणपत्रं हातात दिली. दुसऱ्या मुकादमानं आणलेली दोन घरं गाठोडी घेऊन टेम्पोत चढली. गयाबाई मात्र साच्यात चिखल थापतच होती आणि किसन तिला तो कालवून देत होता. तिच्या शेजारी तिची मुलगी बसली होती, चार-पाच वर्षांची, आईसारखाच चिखल थापून काड्यापेटीएवढ्या विटा पाडत होती.

मी म्हटलं, "गयाबाई, चला. तुमची आई वाट बघते आहे."

हात थांबले, पण ती उठली नाही. "म्या न्हाई येत."

"कामून?"

"बेलभंडारा उचललाय म्या."

आमच्या भागात हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. बेलभंडारा उचलणं म्हणजे खंडोबाची आण घेणं. तळहातावर बेलाचं पान, त्यावर चिमूटभर हळद, तीच भंडारा. हात देवापुढं धरायचा आणि बोलायचं. एकदा बोललं की बोललं. हा मुकादम भट्टीला निघालेली माणसं वाटेत माळेगावच्या खंडोबापुढं उभी करायचा आणि बेलभंडारा उचलायला लावायचा, की मी सोड म्हणेपर्यंत आम्ही भट्टी सोडणार नाही. फाटकाचं कुलूप मालकाचं होतं. खरं कुलूप हे होतं.

"सायबाचा कागद खोटा हाय असं म्या म्हणत न्हाई," गयाबाई म्हणाली. "पण आण म्या सायबाची घेतली न्हाई. देवाची घेतलीय."

जोशी सर पुढं आले. "बाई, बळजबरीनं घ्यायला लावलेली शपथ ही शपथच नव्हे. कायद्यानं नव्हे आणि धर्मानंही नव्हे."

"बळजबरी मुकादमाची, सर. जबान तर मपलीच हाय ना."

सर चष्मा पुसायला लागले. ती हलक्या आवाजात मला म्हणाली, "मागं एक बाई आण मोडून गेली हितून. आखाडात तिचं लेकरू गेलं."

"तापानं गेलं असेल गं."

"तापानंच गेलं. पण ताप कुणी धाडला?" आणि तिनं मुलीकडं पाहिलं.

साहेब वैतागले. "प्रमाणपत्र दिलं, गाडी आणली. आता काय सनई-चौघडा लावू?" तेवढ्यात भट्टीमालकाला हुशारी सुचली. तो म्हणाला, "बघा साहेब, बाई खुशीनं राहून राहिली. तसं लिहून घ्या की." हीच खरी भीती होती. तिनं खुशीनं राहते असा अंगठा दिला असता, तर पुढं कोणताही साहेब त्या फाटकातून तिच्यासाठी परत आत आला नसता. सरांनी साहेबांना बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण अंगठा त्या दिवशी टळला. थोडे दिवस मिळाले, एवढंच.

परत येताना टेम्पोत दोन घरं होती, लेकरं होती, कोणीतरी हसतही होतं. मी पुढं गफूरभाईंच्या शेजारी बसले होते आणि मला वाईट वाटत होतं. आता धुरपताबाईला काय सांगायचं? हवेनं आणि दमणुकीनं डोळा लागला. मला उदगीरचं आमचं दुकान दिसलं, दुकानामागचं अंगण दिसलं, अंगणात चिंचेचं झाड. माझ्या आतेबहिणीनं लहानपणी मला तिची शपथ घातली होती, चिंच खाशील तर बघ. मग ती बिदरला निघून गेली आणि शपथ तशीच राहिली. सगळा उन्हाळा चिंचा अंगणात पडत राहिल्या आणि मी त्या ओलांडून चालत राहिले. आई ओरडली, आजोबांनी समजावलं, मी ऐकलं नाही. पावसाळ्यात आतेबहीण आली, मला बघितल्याबरोबर "सुटली" म्हणाली, आणि मी तशीच अंगणात पळाले.

मी जागी झाले तेव्हा लोहा मागं पडलं होतं. मी म्हटलं, "गफूरभाई, मुकादमाच्या तोंडून सुटली म्हणवून घ्यावं लागेल."

"अक्का, तो माणूस पोलिसाला भ्यायना. अपने को भिईल?"

मुकादमाचं नाव बसवंत. इथं मला जरा थांबावं लागतं, कारण तो आमच्यातलाच. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, शिवभजनात पुढच्या रांगेत. आम्ही ज्या महादेवाला बेल वाहतो त्याचंच रूप माळेगावचा खंडोबा. गयाबाईचा देव आणि त्याचा देव एकच होता, नि माझाही तोच. त्याच्या गावात तेव्हा शिवनाम सप्ताह चालू होता आणि शेवटच्या दिवशीची पंगत त्याची होती. भजनी मंडळाचे प्रमुख गुरुलिंग आप्पा माझ्या वडिलांच्या ओळखीचे, दुकानावर येऊन बसायचे. मी धुरपताबाईला घेऊन त्यांच्याकडं गेले.

आप्पा कचरले. "अक्का, सप्ताहात भांडण नको बरं का."

"भांडण नाही, आप्पा. एक नवस सांगायचा आहे."

संध्याकाळच्या भजनानंतर त्यांनी मला बोलायला उभं केलं. मंडपात उदबत्तीचा धूर, टाळांचा आवाज नुकताच थांबलेला, बायका एका बाजूला दाटीनं बसलेल्या. मी कायदा सांगितला नाही. माहूरच्या पायऱ्या सांगितल्या, न पाहिलेली नात सांगितली, आणि नदीकाठी साच्याशी बसून राहिलेली बाई देवाच्या नावानं कशी बांधली आहे ते सांगितलं. मुकादमाचं नाव घेतलं नाही. त्या गावातून भट्टीला माणसं कोण नेतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धुरपताबाई मंडपाच्या कडेला पाय पोटाशी घेऊन बसली होती. बायकांच्या नजरा तिच्या भेगाळलेल्या टाचांवर गेल्या. मग आरती झाली, बायका उठून आपापल्या घरी गेल्या आणि मला वाटलं, गेलं वाया.

सप्ताहाच्या पंगतीची आमच्याकडं एक रीत आहे. ज्याची पंगत तो गावातल्या घरोघरी पीठ पाठवतो, बायका आपापल्या चुलीवर पोळ्या करतात आणि टोपल्या भरून मंडपात आणून देतात. पंगत एकाची, पण हात सगळ्या गावाचे. बसवंतानंही पीठ वाटलं होतं. पंगतीच्या दिवशी सकाळी तो दारात आला तर ओट्यावर पिठाच्या पिशव्या. एकीनं ठेवली, तिचं बघून दुसरीनं. सगळ्यांत आधी परत आलं ते आप्पांच्या घरचं पीठ. आप्पांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोनं त्यांना विचारलंच नव्हतं.

आप्पांनी मग माझ्यासमोरच त्याला सांगितलं. "पोळ्या कोण करल, बसवंता? घरातल्या बाया म्हणून राहिल्या, ज्या हळदीनं लेकुरवाळी बांधली ती हळद आमच्या वरणात नको."

"माझ्यावर केस करा की," तो म्हणाला. "देवाच्या कामात हे कामून आणता मधी?"

"देवाला मधी तू आणलास बाबा. आमी न्हाई."

त्यानं एकेक पिशवी उचलून आत नेली आणि शेवटी उद्या भट्टीवर येतो म्हणाला. पोलीस, तहसील, कोर्ट यांची त्याला सवय होती. आपल्या पंगतीला गाव जेवायला बसणार नाही, याची नव्हती. पंगत त्या दिवशी आप्पांनी स्वतःच्या धान्यातून घातली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. टेम्पोत आम्ही तिघं, आप्पा आणि धुरपताबाई, मागून आपल्या जीपमधून बसवंत.

भट्टीवर पुन्हा तेच धुकं. धुरपताबाई लेकीपाशी धावली नाही. थोडं अंतर ठेवून उभी राहिली आणि पदर तोंडाशी धरून बघत राहिली. आण सुटायच्या आधी लेकीला शिवावं की नाही, असं तिला वाटलं असावं.

बसवंत जीपला टेकूनच म्हणाला, "जा. सुटली."

गयाबाईनं मान हलवली. "तसं न्हाई, मुकादम. उचलली तशी सोडा." आप्पांनी सोबत आणलेलं बेलाचं पान तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं, वर हळदीची चिमूट ठेवली. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. देवाची भीती होती की गावाची, मला माहीत नाही. "गयाबाई, तुझी आण सुटली," तो म्हणाला. मग किसनकडं वळून म्हणाला, "तुझीबी सुटली." आणि पान खाली ठेवायला लागला.

"थांबा," गयाबाई म्हणाली. "आण उचलली तव्हा ही मपल्या पोटात व्हती. हिलाबी म्हना."

मुलगी चिखलात उकिडवी बसली होती, हातात तिची काड्यापेटीएवढी वीट. बसवंतानं माझ्याकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं. कोणी त्याला वाट दिली नाही. मग तो वाकला, पुरता वाकला, भस्माचं कपाळ तिच्या तोंडासमोर आलं, आणि म्हणाला, "सुटली."

"काय सुटलं?" मुलीनं विचारलं.

तो सरळ झाला आणि हातातलं बेलाचं पान खाली ठेवलं. धुरपताबाई तेवढ्यात पुढं आली होती आणि तिनं नातीला चिखलासकट उचलून घेतलं होतं. तिघीही मोठ्यानं रडल्या, मीही रडले. सरांनी पुन्हा चष्मा पुसला.

बसवंत सुटली म्हणाला म्हणून आम्ही त्याला सोडलं, असं कोणी समजू नये. त्याच्यावरची केस चालू आहे, तारखा पडत आहेत, आणि ती माझ्या हयातीत संपेल असं मला वाटत नाही. दुसरे मुकादम आता आण घालत नाहीत, आधारकार्ड ठेवून घेतात. आम्ही सोडवली त्याच्या कितीतरी पट माणसं अजून त्या धुरात आहेत. दुपारच्या गुंगीत तीच येतात.

पण त्या दिवशी नांदेडात शिरल्यावर गफूरभाईंनी नेहमीप्रमाणे टेम्पो गुरुद्वाराकडं वळवला. सुटून आलेल्या माणसाचं पहिलं जेवण आम्ही लंगरमध्येच द्यायचो. तिथं कोणी कुठून आलात विचारत नाही, कोणाचे म्हणून विचारत नाही, पंगतीत बसायचं की ताट येतं. रोटी वाढणारे सरदारजी आले. तिथं रोटी ताटात टाकत नाहीत, पसरलेल्या हातांवर देतात. गयाबाईनं हात पुढं केले आणि मधेच मुठी मिटल्या. देवाच्या दारात तळहात पसरला की काय होतं हे तिला ठाऊक होतं. सरदारजी वाकून उभेच राहिले, घाई केली नाही. मग तिच्या मुठी हळूहळू उघडल्या.

उन्हं कलल्यावर आम्ही अहमदपूरच्या रस्त्याला लागलो. धुरपताबाई अनवाणीच होती. मी म्हटलं, लेक आली की, आता चप्पल घ्या. ती म्हणाली, "देवीला सांगितल्याबिगर न्हाई. माहूरला जाऊन येते तिघांना घेऊन, मग घालते." मुलीला एक नवा खेळ सापडला होता. टेम्पोच्या फळीला धरून ती दिसेल त्याला सोडवत चालली होती. म्हशी दिसल्या, "सुटली." बाभळ दिसली, "सुटली." उसाच्या गाडीचा बैल, विजेचा खांब, सायकलवरचा म्हातारा, सगळ्यांना तिनं सोडवलं. तिच्या त्या बारीक आवाजानं सगळा रस्ता सैल होत चालल्यासारखा वाटत होता. आप्पा डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले, पण त्यांचे ओठ हलत होते.

माळेगाव आलं. रस्त्यावरून देवळाचं शिखर दिसायला लागलं तशी गयाबाई सावरून बसली. तिनं पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. मुलीनं आईकडं पाहिलं, मग आई ज्याला हात जोडते त्या शिखराकडं पाहिलं आणि फळीवरून ओरडून म्हणाली, "देवा, तूबी सुटला."

गयाबाईनं घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला. धुरपताबाईनं तो हात हळूच काढला.

"म्हनू दे," ती म्हणाली. "लई दिस झाले, त्यालाबी भट्टीच्या फाटकावर उभा केलता."